चार मिनिटांचा कम्प्युटर

रावर, ३ इस्फंद

फरानक,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. पत्र ठेवून देता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तू कागद फाडणाऱ्यांतली नव्हेस, हे मला ठाऊक आहे. खुशाली विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. कामाचं तेवढं लिहिते.

तुझा कम्प्युटर नीट सुरू होत नाही.

बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पडद्यावर चित्रही येतं. मी गालिच्याच्या नक्षीची फाईल उघडायला घेते आणि ती उघडायच्या आत सगळं काळं. काल घड्याळ समोर ठेवून बसले. चार मिनिटं. लगेच पुन्हा दाबलं तर दोन. तिसऱ्यांदा दाबलं तर पंखा मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडतो आणि मिनिटभरात गप्प. अर्धा तास तसाच ठेवला की पुन्हा चार मिनिटं मिळतात.

केरमानहून एकेक भाग आणून तो तूच जोडलास, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दहा दिवस मला कांदा चिरायला जागा नव्हती. आता ज्याने जोडला त्यालाच विचारणार, दुसऱ्या कुणाला विचारू? म्हणून हे पत्र. आणखी काही कारण आहे असं समजू नकोस.

माग थांबलाय. नक्षीची चौतीस पानं, त्यांतली तीस छापून झाली होती. तू सांगून ठेवलं होतंस तशीच मी करत आले: एक पान उघडायचं, छापायचं, बंद करायचं, पुढच्यात डोकवायचं नाही. कोकबने तिसावं पान परवा विणून संपवलं आणि तेव्हापासून ती मागासमोर हात मांडीवर ठेवून बसते. तिचं तोंड काही मांडीवर बसत नाही. "खानम, नवरोजला सत्तावीस दिवस राहिले. अर्धा गालिचा मागावर ठेवून नवं वर्ष लागू दिलं तर वर्षभर सगळं अर्धंच राहतं, हे काय मी तुम्हाला सांगू?" सकाळी एकदा सांगते, दुपारी एकदा.

मी त्याला काहीएक केलेलं नाही. बाहेरची धूळ पुसते, तेवढीच.

हाजी लोत्फींच्या दुकानात जे झालं त्याला सात महिने होत आले. हे पत्र त्याबद्दल नाही.

तूरान

&nbsp;

रावर, ८ इस्फंद

फरानक,

तुझं उत्तर आलं नाही. पाचच दिवस झालेत आणि बंदर अब्बास काही शेजारच्या गल्लीत नाही, हे मला कळतं. तरी पोस्टमन दिसला की मी दारात काहीतरी झाडत उभी असते. पायरी आता इतकी स्वच्छ झालीय की तिच्यावर कणीक मळावी.

कोकबला दम निघेना. ती जाऊन बहादुरी आगांना घेऊन आली. मागच्या गल्लीतले, वीज खात्यातून निवृत्त झालेले, आठवत असतील. मिशा आता पांढऱ्या झाल्यात, आत्मविश्वास तेवढाच काळाभोर आहे.

"तूरान खानम, तुमच्या मुलीने जोडलंय ना? मग यंत्रात दोष असणं शक्य नाही. दोष विजेचा."

त्यांनी भिंतीतलं बटण उघडलं, तारा बघितल्या, दुसरी वायर आणून लावली, चहा घेतला. कम्प्युटर चार मिनिटांनी बंद.

"मग दोष पडद्याचा."

पडदा माझ्या भाचीकडून मागून आणला. चार मिनिटं.

"आता मात्र पोट उघडावं लागणार," म्हणाले, आणि डबा उघडला. आत वाकून त्यांनी शिट्टीच वाजवली. "अरे वा! आत काय स्वच्छता आहे! नवाकोरा वाटतोय. साफ कोण करतं हा?" मी चहा आणायला आत गेले.

परत आले तर त्यांनी त्या रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासायला घेतल्या होत्या. घासून परत लावताना एक नीट बसली नाही, तर कम्प्युटर तीनदा ठणाणला. कोकब माझ्या मागे. "खानम, ह्याच्या पोटात कोण बसलंय?" पट्टी नीट बसल्यावर ओरडायचा थांबला आणि रीतसर चार मिनिटांनी बंद पडला.

जेवून जा म्हटलं. तीनदा नको नको म्हणाले, चौथ्यांदा हात धुऊन बसले. आबगुश्तच्या मटणरश्श्याचे दोन वाडगे आणि अख्खी रोटी संपवून निकाल दिला, "याला तेहरानलाच न्यावं लागेल. आपल्याकडच्या हवेत ही यंत्रं टिकत नाहीत." नाचता येईना म्हणून अंगण वाकडं, आणि अंगणही आपलं नव्हे, अख्ख्या वाळवंटाचं.

ते गेल्यावर कोकबने दृष्ट काढायला इस्फंद नावाच्या झुडपाचे दाणे जाळले. डब्यापासून लांब धरायला लावलं मी तिला, काळजी करू नकोस. धूर सगळा माझ्या डोळ्यांत गेला.

डाळिंबाला पालवी फुटतेय. कामाचं नाही, उगाच लिहिलं.

तूरान

&nbsp;

रावर, १३ इस्फंद

फरानक,

तुझा कागद मिळाला. चार प्रश्न. वर मायना नाही, खाली नाव नाही. पाकिटावर मात्र "तूरान खानम" लिहिलंयस, आणि त्यातलं परक्या बाईला लावावं तसं खानम मी किती वेळा वाचलं हे कुणाला सांगणार नाही. अक्षर बिघडलंय तुझं. पेन कमी धरतेस वाटतं.

आता उत्तरं.

किती वेळ चालतो: पहिल्यांदा चार मिनिटं, मग दोन, मग एक. आधीच लिहिलं होतं. वाचलं होतंस ना?

प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का: फिरतो. मी त्याच्यापुढे दोरा धरला, दोरा उडाला.

बंद पडल्या पडल्या पंख्याखालच्या धातूच्या पात्यांना हात लावून बघ, गरम आहेत की गार: गार. अगदी रांजणासारखी गार. मला वाटलं हे चांगलं लक्षण असणार. पण तू त्या प्रश्नाखाली दोन रेघा ओढल्यास, त्यामुळे आता वाटत नाही.

पंखा कुणी काढला होता का: नाही. बहादुरी आगांनी डबा उघडला, पण त्यांनी पंख्याला हात लावला नाही. मी समोर होते.

झालं. कोकब म्हणते तुला तिचा सलाम सांगू. ती रिकामी बसून बसून मला स्वयंपाक शिकवायला लागलीय, तेव्हा जे काही करायचं ते लवकर कर.

तूरान

&nbsp;

रावर, १४ इस्फंद

फरानक,

कालचं पत्र टाकून आले आणि आज सकाळीच पुन्हा कागद घेतला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर खोटं आहे. म्हणजे बहादुरी आगांनी पंख्याला हात लावला नाही हे खरं. मी लावला होता.

बहमन महिना संपत आला होता. तुला माहीतच आहे, मी घरझाडणी लवकर काढते. पडदे झाले, गाद्या झाल्या, मसाल्याच्या बरण्या झाल्या, छताचे कोपरे झाले. मग तुझ्या टेबलापाशी आले. तू गेल्यापासून ती खोली मी शेवटी ठेवत होते. माझी आई म्हणायची, दिसतं ते झाडलं तर पाहुण्यांसाठी, दिसत नाही ते झाडलं तर नवरोजसाठी. मी डब्याचे स्क्रू काढले. फरानक, आत धुळीची गोधडी होती! दोन वाळूची वादळं त्यात मुक्कामाला होती. ब्रशने काढली, कापसाने काढली. पंख्यात सगळ्यात जास्त. म्हणून त्याचे चार पाय फिरवले आणि तो उचलला.

खाली एक चकचकीत चौकोन, आणि त्याच्यावर राखाडी, वाळलेल्या खळीसारखं काहीतरी थापलेलं. पंख्याच्या बुडाला पण तेच. मला तुझाच राग आला. एवढी हुशार पोर, आणि चिकटलेला मळ पुसायला हिला वेळ नाही! व्हिनेगरचं फडकं घेतलं, मग ओलं, मग कोरडं. चौकोन असा लखलखला की त्यात मला माझं नाक दिसलं. फार समाधान वाटलं. पंखा जसा होता तसा बसवला, पाय फिरवले, दाबले. दुसऱ्या दिवसापासून चार मिनिटं.

म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काय बिघडलं ते कळत नव्हतं, पण कुणी बिघडवलं ते कळत होतं. बहादुरी आगांना मी माझ्याच हातचं आबगुश्त घालून विजेचा दोष शोधायला लावत होते. कोकबलाही सांगितलं नाही. तुला तर कसं लिहू? सात महिन्यांनी पहिलं पत्र, आणि त्यात काय, तर तुझी वस्तू मी खराब केली. तू म्हणाली असतीस, आई माझ्या कामाला हात लावते आणि वर मी नाही त्यातली म्हणते. म्हणायला तुला जागा आहे. ते एकदा झालेलं आहे.

तो मळ नव्हता ना?

आई

&nbsp;

रावर, २० इस्फंद

फरानक,

बसवाल्याने काल तुझं पुडकं दिलं. इवलीशी पिचकारी, तिच्यात तेच राखाडी, आणि चिठ्ठी. "तो मळ नव्हता. त्याच्याशिवाय उष्णता खालून वर पोचत नाही, म्हणून पाती गार आणि खालचा प्रोसेसर भाजत होता. जळण्याआधी तो स्वतःच बंद व्हायचा, म्हणून वाचला. चौकोनाच्या मधोमध मसुराच्या दाण्याएवढं ठेव. जास्त नको. लोण्यासारखं फासू नकोस. पंखा समोरासमोरच्या पायांनी दाब."

चिठ्ठीत शिवी नाही, टोमणा नाही. लोण्याची ती एक ओळ वाचून मात्र मला हसू आलं आणि मग रडूही आलं, कारण माझा हात सढळ आहे हे तुला अजून आठवतं.

बरणीतून खराखुरा मसूर काढला. चौकोनाशेजारी ठेवला. कोकबने बॅटरी धरली. मी पिचकारी दाबली तर आधी अर्धा मसूर आला, मग दीड. दीडचा परत एक केला. पंखा ठेवला, समोरासमोरचे पाय दाबले, टक्‌ टक्‌ आवाज आला. सकाळचे दहा वाजले होते. बटण दाबलं.

चार मिनिटं झाली. मी श्वास धरून. पाच झाली. कोकब मोठ्याने सलवातची दुआ म्हणायला लागली. दहा झाली तेव्हा ती म्हणाली, "खानम, आता श्वास घ्या, नाहीतर तो चालू राहील आणि तुम्ही बंद पडाल." अकरा वाजता आम्ही कम्प्युटरसमोरच चहा प्यायलो, दोघी, खजुराचे कोलंपे बुडवून. पंखा असा हळू फिरत होता की ऐकायला वाकावं लागत होतं.

एकतिसावं पान छापलं. बत्तिसावं, तेहेतिसावं. कोकब एकतिसावं घेऊन मागाकडे पळाली. मग मी चौतिसावं उघडलं.

वरच्या काठात नावाची चौकट असते, ती सगळ्यात शेवटी विणतात, म्हणून ती शेवटच्या पानावर. मला वाटलं होतं तिथे तुझं नाव असेल, किंवा आता रिकामी चौकट असेल. तिथे लिहिलंय, "नक्षी: तूरान".

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग तू शिकवलं होतंस तसं फाईलवर माऊस ठेवून तारीख बघितली. १४ मोर्दाद. आणि आपण हाजी लोत्फींच्या दुकानात गेलो ती तारीख १५.

आता हे लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहायला हवं. तेहरानच्या गिऱ्हाइकाने विणून झालेल्या भागाचा फोटो बघितला आणि विचारलं, "ही नक्षी कुणाची?" तू माझ्या शेजारी चहाचं तबक घेऊन उभी होतीस. मी म्हटलं, "माझ्या वडिलांची. उस्ताद नेमतुल्लांच्या जुन्या कागदांत सापडली." दीड वर्ष तू कम्प्युटरवर त्या नक्षीचा एकेक चौकोन भरत होतीस. तू तबक खाली ठेवलंस, एक थेंब न सांडता, आणि निघून गेलीस. आठवड्याने गावातूनही.

माझे वडील जाऊन पंधरा वर्षं झाली. ते जाण्याआधीची पंधरा आणि नंतरची पंधरा, अशी तीस वर्षं नक्ष्या मी काढल्या. प्रत्येकीवर त्यांचं नाव. मेलेल्या उस्तादाचं नाव बाजारात चालतं, जित्या बाईचं चालत नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी तोंडातून जे आलं ते सवयीने आलं. सवयीने आलं म्हणजे त्यात पाप नाही, असं मी सात महिने स्वतःला समजावत होते. आणि आदल्या दिवशी तू माझं नाव घालून ठेवलं होतंस. ज्या बाईचं नाव तीस वर्षांत एका गालिच्यावर आलं नाही, तिचं.

मी तुझं काम तुझ्यादेखत दुसऱ्याच्या नावावर केलं. चूक झाली, असं म्हणून भागणार नाही. अन्याय केला. मला माफ कर. जमेल तेव्हा कर, पण कर.

आई

&nbsp;

रावर, २५ इस्फंद

फरानक,

काल केरमानला जाऊन आले. बाजारात नवरोजची अशी गर्दी की हाजी लोत्फींच्या दुकानापर्यंत मी चालत गेले की ढकलत नेली गेले, सांगता येत नाही. दुकानात दोन व्यापारी आणि हाजी आगांचा जावई बसलेले. मला वाटलं, एकटे असते तर बरं. मग म्हटलं, खोटं चारचौघांत बोलले, तर खरं कोपऱ्यात कसं बोलणार?

"हाजी आगा, त्या गालिच्याची नक्षी माझ्या वडिलांची नाही. माझ्या मुलीची आहे. मी खोटं बोलले होते."

हाजी आगांची जपमाळ थांबली. "तूरान खानम, बसा. चहा घ्या. घाईत काही बोलू नका."

"सात महिने लावलेत. घाई कसली?"

"अहो पण उस्ताद नेमतुल्लांना अल्ला जन्नत देवो, त्यांचं नाव आणखी मोठं झालं तर नुकसान कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

जावई हसला. "कम्प्युटर दुरुस्त करणारी पोर आणि केरमानी नक्षी?"

"हो," मी म्हटलं. "आणि तू याच दुकानात त्या गालिच्याचा फोटो बघून म्हणाला होतास की असे गुलाब आता कुणाला जमत नाहीत. मी ऐकलं होतं."

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आणि मला तर याच तळ्यात आणखी दहा वर्षं काढायची आहेत. तरी मी हाजी आगांना तिथल्या तिथे तेहरानला फोन लावायला लावला. त्यांनी सांगताना तीनदा शब्द फिरवले, म्हणून फोन मी हातात घेतला आणि स्वतः सांगितलं. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गालिचा मागावरून उतरला की दाखवा. मग बघू." घेईल की नाही, देव जाणे. नाही घेतला तर आपल्या बैठकीत अंथरू आणि बहादुरी आगांना त्याच्यावर पाय ठेवू देणार नाही.

आज दिवसभर तुझ्या टेबलाशी बसले होते. चौतिसाव्या पानावरचं माझं नाव पुसलं आणि तुझं घातलं. पेन्सिलीने मी हे डोळे मिटून केलं असतं. माऊसने एकेक चौकोन भरताना हाताला वळ पडले. दोनदा सगळं नाहीसं झालं, तिसऱ्यांदा आठवलं की मध्ये मध्ये साठवायचं असतं. कम्प्युटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू होता, एकदाही कुरकुरला नाही. छापलेला कागद सोबत पाठवतेय, बसवाल्याच्याच हाती. कोकब चौकटीच्या चार बोटं खाली येऊन पोचलीय. तू हो म्हणालीस की विणायला घेईल.

ये. हे पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. कम्प्युटर बिघडला नसता तरी लिहायचं होतं. नवरोजला घरी ये.

आई

&nbsp;

रावर, २८ इस्फंद

फरानक,

हे पत्र टपालात टाकायचं नाही, तुझ्या टेबलावर ठेवायचं आहे. तू दारात आलीस की मी जेवलीस का, किती वाळलीस, हेच बडबडत बसेन आणि खरं बोलणं राहून जाईल. म्हणून आत्ता लिहिते.

फोन वाजला तेव्हा मी मासे निवडत होते. तुझा आवाज. सलाम नाही, काही नाही.

"आई, कोकबला थांबव."

सात महिन्यांनी हे तुझे पहिले शब्द. माझे हात तसेच राहिले. वाटलं, संपलं. हिला माझ्या हातचं नावसुद्धा नको आहे.

"का गं?"

"ते काय नाव आहे? काठाला चिकटलंय. शेवटचं अक्षर सरळ किनारीत घुसलंय, गुलाबाची अर्धी पाकळी खाल्लीस तू!"

"माऊसने पहिल्यांदा काढलं मी. तू पहिल्यांदा गाठ मारलीस तेव्हा काय झालं होतं, सांगू?"

"आणि माझं नाव का घातलंस? तुझं होतं ते काय मी चुकून घातलं होतं?"

"नक्षी तुझी आहे."

"चौकोन माझे आहेत. गुलाब कुणाचे? तुझ्या मांडीवर बसून कुणाचे गुलाब गिरवले मी? आजोबांचे?"

मी हातातला मासा खाली ठेवला. मग म्हटलं, "दोन्ही नावं घालू."

"मावत नाहीत. मोजलंय मी."

तिथे बंदर अब्बासला, कुणाच्या तरी दुकानात, लोकांचे कम्प्युटर बाजूला सारून तू माझा कागद पुढ्यात घेऊन चौकोन मोजत बसलीस. ते ऐकलं आणि फरानक, माझ्या छातीवरचा दगड उतरला. माफ केलंस का, हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. पण ज्याच्याशी नातं तोडायचं असतं त्याच्यासाठी कुणी चौकोन मोजत नाही.

"उद्या सकाळच्या बसने निघतेय," तू म्हणालीस. "मी येईपर्यंत फाईलला हात लावायचा नाही. आणि आई, काही पुसायचं पण नाही."

"नाही पुसत."

"शपथ घे."

घेतली. माझ्याकडून शपथ घेणारी तू कोण, असं एरवी विचारलं असतं.

आता मनातलं. बाजारात काय चालतं आणि काय नाही, हे मी तुला शिकवायला निघाले होते. मला आयुष्यभर जे गिळावं लागलं ते तूही गिळावंस, असं मला वाटलं, आणि त्याला मी शहाणपण म्हणत होते. तू तबक ठेवून गेलीस ते बरं केलंस. मी कधी ठेवलं नाही. तू परत बंदर अब्बासला जाणार असशील तर जा, मी अडवणार नाही. फक्त माझा फोन घेत जा.

मासे मीठ लावून ठेवलेत, तांदूळ निवडून झालेत. हिरवी भाजी तुला आवडते तशी जाड चिरलीय. नवरोजसाठी पेरलेले गव्हाचे अंकुर यंदा वीतभर झालेत. कोकब चौकटीच्या काठापर्यंत येऊन थांबलीय आणि दर दहा मिनिटांनी उंबऱ्यात उभी राहते. मघाशी म्हणाली, "खानम, परवा नवं वर्ष. मला घरी जाऊन केसांना मेंदी लावायचीय. आता एकदाचं सांगा, नाव कुणाचं विणू?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? उद्या फरानक येतेय. भांडून ठरवू."

आई